धुराची सुट्टी

माझा मामा पुस्तकं कापतो. म्हणजे बांधणीच्या कारखान्यात शिवून, खळ लावून तयार झालेल्या पुस्तकांच्या तीन कडा सरळ करतो. त्याआधी पुस्तक झोपेतून उठलेल्या माणसासारखं असतं, केस विस्कटलेलं. मामाच्या यंत्रातून गेलं की भांग पाडून बाहेर येतं.

यंत्र जुनं आहे, छातीएवढं उंच. उजव्या पायाने खालची पट्टी दाबली की वरून लोखंडी दाब उतरतो आणि कागदाचा गठ्ठा गच्च धरतो. मग दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, की पातं खाली येतं. दोन्ही हात बटणांवर गुंतलेले असले की ते पात्याखाली सापडत नाहीत. यंत्र बनवणाऱ्याने हातांची एवढी काळजी घेतली. पायाचा विचार कुणी केला नाही. पाय दिवसभर पट्टीवर, दाब, सोड, दाब, सोड.

त्या सबंध हॉलमध्ये खुर्ची नाही. स्टूलही नाही. एका बाजूला लांब टेबल, त्याच्याभोवती छापील कागदांच्या घड्या घालणाऱ्या बायका उभ्या. पलीकडे शिलाईचं यंत्र, त्याच्यापुढे शिलाईवाला उभा. कोपऱ्यात खळीची पातेली आणि खळवाला, तोही उभाच. मालक म्हणत, "खुर्ची आली की तिच्या मागोमाग आळस येतो." त्यांच्या स्वतःच्या केबिनमध्ये चार खुर्च्या आहेत. मामा म्हणायचा, "मग तिथं आळसाला दाटीच होत असेल."

जे पुढे सांगणार आहे ते मामाकडून, मामीकडून आणि घडीच्या टेबलावरच्या मावशींकडून मी ऐकलं. तिघांचा राग वेगवेगळा होता, त्यामुळे गोष्टही थोडी वेगवेगळी होती. मी तिघांनाही खरं धरलं आहे.

मामा तिथे लागण्याच्या आधी कधीतरी कुणाच्या तरी सिगरेटचं थोटूक कात्रणांच्या ढिगात पडलं आणि कारखान्याचा एक कोपरा जळाला. कागदाच्या घरात आग म्हणजे काय ते मालकांनी डोळ्यांनी पाहिलं. सिगरेटवर बंदी घातली असती तर अर्धी माणसं निघून गेली असती. म्हणून त्यांनी मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीला लागून एक सिमेंटचा कट्टा बांधून घेतला, वाळूची बादली ठेवली आणि नियम केला: ज्याला ओढायची त्याने मागे जायचं, बसून ओढायची, विझवून यायचं. आत काडी दिसली तर कायमचं घरी. किती वेळा जायचं हे कुणी ठरवलं नाही, कारण तलफेला वेळापत्रक नसतं हे मालकांना ठाऊक होतं. तेही ओढायचे.

त्या जागेत बसायला मिळण्याचा हा एकच रस्ता होता, आणि कामगार त्याला नावही देऊन बसले होते: धुराची सुट्टी.

मामा लागला तेव्हा पोरसवदा होता. ओढत नव्हता. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या भरून आल्या, तेव्हा तो भिंतीला टेकला. तेव्हा कापायच्या यंत्रावर असलेल्या कटरने विचारलं, "ओढतोस का?"

"नाही."

"मग टेकू नकोस."

महिना संपायच्या आत मामा कट्ट्यावर बसलेला होता. ठसका लागून डोळ्यांतून पाणी येत होतं, पण बसलेला होता. सिगरेटची चव त्याला पुढे कितीतरी दिवस आवडली नाही. आवडत होतं ते पाय लांब करणं, वर आकाश असणं आणि कुणी हाक न मारणं. नंतर केव्हातरी या तीन गोष्टी आणि धूर यांची अशी गाठ बसली की एक ओढली की दुसरं येणारच. शरीर भोळं असतं. त्याला सुख कशातलं आणि त्याच्याबरोबर आलेलं काय, हे वेगळं करता येत नाही.

चाळिशी ओलांडल्यावर मामाच्या उजव्या पायाचा अंगठा गार पडायला लागला. मग निळसर झाला. नखाच्या कडेला एक बारीक जखम झाली आणि ती भरेना. मामाने बूट बदलले. परत बदलले. मग चांभाराला नावं ठेवली. शेवटी मामी त्याला धरून दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरबाईंनी घोट्याजवळ दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ नाडी शोधत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "दिवसाला किती ओढता?"

मामा म्हणाला, "फार नाही."

मामी म्हणाली, "फार."

डॉक्टरबाई मामीकडे बघून बोलायला लागल्या. पायाच्या बारीक रक्तवाहिन्या आतून सुजून बंद होत चालल्या होत्या आणि त्याचं कारण सिगरेट होती. कमी करून भागणार नव्हतं. निकोटिनचं च्युइंगगम, अंगाला चिकटवायची पट्टी यांतलंही काही चालणार नव्हतं. "निकोटिन कुठून आलं याच्याशी त्या वाहिन्यांना देणंघेणं नाही. ते आलं की त्या आखडतात," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांना मी पट्टी देते. तुम्हाला देत नाही. तुम्ही कोरडीच सोडायची. त्रास होईल. आणि सारखं पायावर उभं राहू नका, अधूनमधून बसा."

"आणि नाही सोडली तर?"

"तर अंगठा. मग पाऊल. मग विचारायला परत याल तेव्हा सांगेन."

बाहेर आल्यावर मामाने खिशातलं पाकीट काढलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मामी सांगते, टाकल्यावर तो त्या डब्याकडे असा बघत उभा होता जसं पोटचं पोर टाकून चाललोय.

सोडणं म्हणजे काय असतं, ते घरात त्यानंतर कळलं.

नळ ठिबकतो म्हणून मामाने नळाशी भांडण काढलं. चमचा बशीत वाजला म्हणून मामीशी. दार वाऱ्याने आपटलं तर ते वाऱ्याने मुद्दाम आपटलं असं त्याचं मत झालं. झोप अर्धी झाली आणि भूक दुप्पट. डब्यातले शेंगदाणे, फळं, बिस्किटं, हाताला लागेल ते तो खात सुटला आणि वर विचारायचा, "घरात खायला काही आणत का नाही कुणी?" पोट साफ होईना. वर्तमानपत्राचं एक पान वाचून होईना. हातांना काय द्यावं ते कळेना. उशीचे अभ्रे काढून परत घालायचा. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे खोकला वाढला.

"ओढत होतो तेव्हा एवढा खोकत नव्हतो," तो मामीला म्हणाला. "सोडल्यावर खोकला वाढतो, हा कुठला न्याय?"

"छाती झाडून काढतेय आतला कचरा. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या ना."

"त्यांना म्हणायला काय जातं? उंटावरून शेळ्या हाकायच्या."

"आधी धूर होता, पण माणूस होता," मामी म्हणाली. "आता धूर गेला आणि नुसता जाळ राहिलाय."

ती हे रागाने म्हणाली नव्हती. तिने त्याच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवल्या, टेबलावर गाजराचे लांब तुकडे करून ठेवले. डॉक्टरबाईंनी तिला सांगितलं होतं की तलफ लाटेसारखी येते, काही मिनिटं राहते आणि ओसरते. तेवढी मिनिटं कशात तरी घालवायची. तिने ते मामाला सांगितलं.

"लाट कसली," मामा म्हणाला. "सुपरवायझर आहे तो. जातो, पण फेरी मारून परत येतो."

शेजारचे आजोबा भेटायला आले. त्यांनी तरुणपणी सोडली होती. "मी तर एका झटक्यात सोडली," ते म्हणाले. "मनाचा निर्धार लागतो. तुमच्या पिढीत तोच नाही." मामा मुठी वळून ऐकत होता. आजोबांची बायको दारातून म्हणाली, "झटक्यात सोडली, खरंय. दर वर्षी एकदा." त्या दिवसांत मामा हसला तो एवढाच.

घरचं कसंबसं निभलं असतं. कारखान्यात निभेना.

तिथला सुपरवायझर रबरी तळव्याचे बूट घालतो आणि आवाज न करता मागे येऊन उभा राहतो, म्हणून त्याला सगळे सावली म्हणतात. सिगरेट सोडल्यावर मामा पहिल्यांदा कामावर गेला तेव्हा नेहमीच्या वेळी त्याचा पाय ठणकायला लागला. तो यंत्र थांबवून सवयीने मागे गेला आणि कट्ट्यावर बसला. शिलाईवाला आणि खळवाला आधीच तिथं होते. दोघं त्याचे जुने दोस्त.

"सरका रे, संतमहाराज आले," शिलाईवाला म्हणाला. "धूर तिकडं सोड, यांची काया काळवंडेल."

"गप बस."

"बसलोच आहे. तूच सांग, तू कशाला बसलास?"

हे चेष्टेत झालं. पण तेवढ्यात सावली आली आणि तिनेही तेच विचारलं, चेष्टेत नव्हे.

"कटरमास्तर, सोडली म्हणे तुम्ही. अभिनंदन. मग इथं काय करताय?"

"पाय दुखतोय. डॉक्टरांनी अधूनमधून बसायला सांगितलंय."

"पाय सगळ्यांनाच असतात मास्तर. ही जागा ओढणाऱ्यांची आहे."

"मग मला आत स्टूल द्या."

"स्टूल दिलं तर उद्या सगळ्यांना लागेल."

"मी डॉक्टरांची चिठ्ठी आणतो."

"आणा की," सावली मऊ आवाजात म्हणाली. "चिठ्ठी आली की तुम्हाला हलकं काम द्यावं लागेल. आणि आपल्याकडे हलकं काम नाही. मग काय करायचं, तुम्हीच सांगा."

मामा उठला. यंत्रावर जाऊन उभा राहिला. त्याने मला हे सांगितलं तेव्हा मधे काही महिने गेले होते, तरी सांगताना त्याच्या नाकपुड्या थरथरत होत्या. मला वाटतं कुणाच्याही थरथरतील. ज्या गोष्टीने पाय सडत होता ती केली तर बसायची मुभा. पाय वाचवायला ती सोडली तर उभं राहायची शिक्षा. आणि हे सगळं कुणी दुष्टपणाने केलेलं नव्हतं, हे तर अधिकच संताप आणणारं. मालकांना आगीची भीती होती, सावलीला मालकांची, आणि या दोन भीतींच्या मधे कुठेतरी माझ्या मामाचा अंगठा काळा पडत होता.

ते दिवस त्याने उभ्याने काढले. तलफ आली की यंत्रापुढे उभा राहून पेपरमिंट चघळायचा, आणि नेमकी ती येण्याची वेळ म्हणजे पाय ठणकण्याची वेळ. दोन्ही दुखणी एकमेकांचा हात धरून यायची. मागच्या दारातून दोघांचं हसणं ऐकू यायचं. एकदा त्याचं लक्ष तिकडे गेलं आणि गठ्ठा तिरका कापला गेला. सावली म्हणाली, "सिगरेट होती तेव्हा हात बरा चालत होता तुमचा."

शिलाईवाल्याला दोस्ताची कीव आली. त्याने युक्ती काढली. "असं कर, नुसती हातात धर. सावली बघेल तेव्हा हातात दिसली पाहिजे. ओढू नकोस."

मामा न पेटवलेली सिगरेट बोटांत धरून कट्ट्यावर बसला. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी सावलीने वाकून बघितलं. "पेटवलेली नाही ही."

"पेटवतोय," मामा म्हणाला आणि शिलाईवाल्याकडून काडी घेतली.

आता पेटलेली सिगरेट बोटांत होती. ओढायची नव्हती. तिचा धूर वर जात होता, वाऱ्याने त्याच्या तोंडावर येत होता. पाय लांब होते, वर आकाश होतं, कुणी हाक मारत नव्हतं. तो सांगतो, डोळ्यात कण गेला की हात जसा आपण न सांगता वर जातो, तसा हात वर गेला. त्याने ती पुरी ओढली. मग शिलाईवाल्याकडून दुसरी मागून घेतली. दुसरी देताना शिलाईवाला काही बोलला नाही, आणि मामाला त्याचाही राग आला.

त्यानंतर तो रोज कट्ट्यावर जायला लागला. घरी सांगितलं नाही. मामीला कपड्यांचा वास आला तर म्हणायचा, "त्यांच्यात बसतो ना, लागतोच." खोटं पचून जायचं, पण अंगठा खोटं बोलेना. जखमेच्या कडा पसरल्या आणि पाय रात्रंदिवस ठणकायला लागला.

डॉक्टरबाईंनी पट्टी उलगडली, जखम बघितली आणि म्हणाल्या, "परत सुरू केलीत."

"दोन-तीनच. तीसुद्धा नाइलाजाने."

"नाइलाज तुम्हाला आहे. अंगठ्याला त्याचं काय?"

मग मामाचा बांध फुटला. कट्टा, सावली, स्टूल, चिठ्ठी, सगळं तो एका दमात बोलून गेला. आवाज इतका चढला की बाहेर बसलेले लोक आत डोकावले. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते शंभर टक्के अन्यायाचं आहे. आणि तुम्ही ते अगदी बरोबर सांगितलंत, पण मला. मी काय करणार त्याचं?" पट्टी बांधता बांधता पुढे म्हणाल्या, "आजपासून परत शून्यावरून सुरू करा. आत्ता सोडलीत तर अंगठा राहील असं मला वाटतंय. पुढच्या वेळी वाटणार नाही."

घराचं कुलूप उघडताना मामी म्हणाली, "माझ्याशी खोटं बोलायला तुम्हाला मागच्या अंगणात जायची गरज पडली नाही. ते बसल्या जागी जमलं." मामा म्हणतो, डॉक्टरबाईंपेक्षा हे लागलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो घडीच्या टेबलाजवळ डबा घेऊन उभा होता. कट्ट्याकडे जायचं नव्हतं, म्हणून तिथे. बायका टेबलावरच डबे उघडून उभ्याउभ्या जेवत होत्या. त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या मावशींनी विचारलं, "काय रे, आज दोस्त सोडून इकडं?"

मग मामाने तेच सगळं परत सांगितलं. "मावशी, दोन मिनिटं बसायला माणसाने सिगरेट पेटवायची? ही काय माणुसकी झाली? अशा जागी माणूस काम कसं करेल?"

मावशींनी घास गिळला. डब्याचं झाकण लावलं.

"तू इथं लागलास त्याच्या आधीपासून मी या टेबलाशी आहे," त्या म्हणाल्या. "मला कधी बसलेलं बघितलंस?"

मामाने हातातला डबा टेबलावर ठेवला.

"ही बघ, हिचं दुसरं पोर पोटात होतं, आठव्या महिन्यापर्यंत उभी होती. तू तेव्हा दिवसातून किती वेळा मागं जात होतास? आमच्या पाठीमागून जायचास, दार उघडायचास, थंड वारा आत यायचा. आम्हाला वाटायचं, बरं वाटलं तेवढं. तुझ्या मनात कधी आलं, की या बायका ओढत नाहीत, मग या बसतात कुठं?"

"मावशी, मी..."

"तुझा पाय दुखला तेव्हा तो अन्याय झाला. आमचे पाय काय भाड्याने आणलेले होते?"

टेबलावरच्या बाकीच्या हसल्या. चांगलं हसणं नव्हतं ते. मामा सांगतो, त्याचे कान तापले. त्याला उलट बोलायचं होतं. जीभ तयारही होती, त्या दिवसांत ती नेहमीच तयार असायची. पण इतकी वर्षं तो त्या टेबलाच्या मागून गेला होता आणि त्याला फक्त पाठी दिसल्या होत्या.

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत," तो शेवटी म्हणाला.

"बोललो. मालक म्हणाले, कट्टा ओढणाऱ्यांचा आहे. तुम्ही ओढता का? आणि मग सगळे हसले. तूही हसलास."

त्याला ते आठवत नव्हतं. नसेलच आठवत. हसणाऱ्याला कुठे आठवतं.

जेवणाची सुट्टी संपली. दुपारी शिलाईवाला आणि खळवाला नेहमीप्रमाणे उठून मागे गेले. दार उघडलं, वारा आत आला. मामाने पट्टीवरचा पाय काढला, यंत्र बंद केलं आणि कागदाच्या एका गठ्ठ्यावर बसला. मग टेबलाकडे बघून म्हणाला, "मावशी, बसा. ते परत येईपर्यंत. ते उठले की आपण उठू."

आधी कुणीच हललं नाही. मग मावशींनी हातातली घडी दाबायची पट्टी खाली ठेवली आणि एका गठ्ठ्यावर टेकल्या. मग दुसरी. मग सगळ्या. हॉलमध्ये एकदम शांत झालं. इतक्या वर्षांत त्या हॉलने तशी शांतता दिवसाढवळ्या ऐकली नसेल.

सावली आली. यंत्रांपेक्षा यंत्रांचं थांबणं तिला लवकर ऐकू येतं.

"हे काय चाललंय?"

"धुराची सुट्टी," मावशी म्हणाल्या. "आमचा धूर दिसत नाही, एवढंच."

"उठा. सगळ्यांनी उठा."

"मागचे दोघे उठले की उठतो," मामा म्हणाला. "त्यांना बसवून ठेवलंय ना तुम्ही, मग आम्हालाही तेवढंच." गंमत म्हणजे, तो सांगतो, त्या मिनिटांत तलफ आली नाही.

दोघे परत आले, आणि सगळे उठून कामाला लागले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी मालक स्वतः आले. बराच वेळ दारात उभे राहिले. त्यांनी न्याय केला तो असा: "उद्यापासून मागं कुणीच जायचं नाही. ओढणारा नाही, न ओढणारा नाही. सगळे सारखे."

आता कट्टा सगळ्यांचाच गेला. शिलाईवाला मामाच्या यंत्रापुढे येऊन उभा राहिला. "झालं समाधान? स्वतःचं जळलं म्हणून दुसऱ्याच्या घराला काडी लावलीस."

"मी तुझी सुट्टी मागितली नव्हती. माझी मागितली होती."

"तुझ्यामुळं गेली. ते दोन झुरके होते, त्यावर दिवस निघत होता माझा. तुझा पाय वाचेल, आमचं काय?"

मामाला उलट राग आला आणि त्याच वेळी त्याचं म्हणणं पटलंही. दुपारपर्यंत शिलाईवाल्याचे टाके वाकडे पडायला लागले होते, तो दोऱ्याशी भांडत होता. मामाला प्रत्येक खूण ओळखीची होती. त्याने खिशातली पेपरमिंटची गोळी काढून यंत्रावर ठेवली. शिलाईवाल्याने ती उचलली आणि कात्रणांत फेकून दिली.

माणसं ओढायची थोडीच थांबतात. ती संडासात जाऊन ओढायला लागली. संडासाशेजारच्या खोलीत कात्रणांची पोती असतात, हे सगळ्यांना माहीत होतं. तलफ आलेल्या माणसाला माहीत असलेलं उपयोगी पडत नाही. एका दुपारी तिथून धूर यायला लागला. एक पोतं आतल्या आत धुमसत होतं. सावलीनेच पाहिलं आणि त्या रबरी बुटांनी पहिल्यांदा आवाज केला. लोक पाण्याच्या बादल्या घेऊन धावले. मामाही धावला. पण तो धूर नाकात गेला तेव्हा क्षणभर आपण थांबलो आणि तो आत ओढून घेतला, हे त्याने मला सांगितलं. मामीला सांगितलेलं नाही.

पोतं विझलं. मालक रात्रभर झोपले नसावेत. दुसऱ्या दिवशी घंटा लागली: सकाळी एक, दुपारी एक. घंटा वाजली की सगळी यंत्रं बंद. ज्याला ओढायची त्याने मागे, ज्याला नाही त्याने आत बसावं. भिंतीला लागून दोन बाकं आली. मालकांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की कामगारांच्या तब्येतीची त्यांना पहिल्यापासूनच काळजी होती. मग मामाकडे हात करून म्हणाले, "आपल्या कटरमास्तरांचं बघा. निर्धाराच्या जोरावर सोडली. टाळ्या."

टाळ्या वाजल्या. शिलाईवाल्याने वाजवल्या नाहीत. मामानेही नाही.

"निर्धार नव्हता मालक," तो म्हणाला. "निर्धार असता तर मधे परत ओढली नसती. मला बसायला जागा नव्हती म्हणून मी ओढायला शिकलो, याच इमारतीत. ही बाकं तेव्हा असती तर माझा अंगठा धड राहिला असता. आणि ती आज आली तीसुद्धा आमच्या पायांसाठी नाही, पोत्याला आग लागली म्हणून."

मालक हसले, जसं मोठी माणसं पोरांच्या बोलण्यावर हसतात. "मास्तरांचा स्वभाव अजून तापटच आहे," ते म्हणाले. "सिगरेट सोडली की होतं तसं काही दिवस." आणि केबिनमध्ये निघून गेले.

हे मामाला सगळ्यांत जास्त झोंबलं. त्याच्या खऱ्या रागालाही त्यांनी तलफेच्या खात्यात टाकून दिलं. घरी येऊन तो बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिला. मामी म्हणाली, "बसा आता." तो म्हणाला, "मला बसायला सांगू नकोस." मग दोघांनाही एकदम हसू आलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली तेव्हा जखमेवर पातळ, फिकट कातडी आलेली होती. नख गेलं होतं. त्यांनी परत घोट्यावर बोटं ठेवली, आणि या वेळी थोड्याच वेळात मान हलवली. "आहे. बारीक आहे, पण आहे. अंगठा राहील."

मामाने विचारलं, "मग आता अधूनमधून एखादी?"

"नाही."

"वर्षातून एखादी?"

"कधीच नाही."

"पण मला अजून रोज हवीशी वाटते."

"वाटेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कमी होत जाईल. पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही."

बाहेर बसथांब्यावर लांब बाक होतं, रिकामं. मामा आणि मामी त्यावर टेकले. मामाने दुखरा पाय पुढे केला आणि डोळे मिटले. तेवढ्यात एक माणूस येऊन शेजारी बसला, त्याने पाकीट काढलं, काडी ओढली. पहिला झुरका बाहेर पडला तसा मामा उठला. थांब्याच्या पुढे, छप्पर संपतं तिथे उन्हात जाऊन उभा राहिला, भार डाव्या पायावर, उजवा नुसता टेकवलेला.

"अहो, पाय," मामी म्हणाली. "त्यांना सांगते मी विझवायला. या, बसा."

"नको. विझवली तरी वास राहतो." त्याचा चेहरा रागाने लाल झाला होता. कुणावर ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्या माणसावर तर नक्कीच नाही. तो माणूसही दिवसभर उभा राहून आल्यासारखा दिसत होता.

बस यायला वेळ लागला. मामा तोवर उभाच राहिला.